मॅड काऊ: गोमांस न खाणाऱ्यांनीही वाचावं असं काही

सुमेधा_लीड्स (धागाकर्ती)

जिलेटिनच्या (जनावरांच्या हाडा-चामड्यापासून बनणाऱ्या) कॅप्सूलवरच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, "मॅड काऊ वगैरे गोऱ्यांची दुखणी, आपण गाय खात नाही, विषय संपला." त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी डॉक्टर नाही. ब्रिटनमध्ये अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, आणि इथले निम्मे नियम ज्या प्रकरणातून जन्मले ते हेच प्रकरण.

डिसेंबर १९८४. वेस्ट ससेक्समधल्या पिट्शॅम फार्मवरची एक गाय पाठीला बाक काढून उभी राहू लागली. वजन उतरलं, डोकं थरथरू लागलं, चालताना झोक जाऊ लागला. फेब्रुवारी १९८५ मध्ये ती मेली, पाठोपाठ त्याच कळपातल्या आणखी काही. आधी विषबाधेचा संशय होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने निदान केलं: मेंदूला स्पंजासारखी भोकं पडली होती. बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपथी, म्हणजे बीएसई. मॅड काऊ हे नाव वर्तमानपत्रांनी उचललं.

जॉन वाइलस्मिथ या साथरोगतज्ज्ञाने वर्षभरात रोगी कळपांची माहिती गोळा केली. लस, औषधं, कीटकनाशकं, परदेशी जनावरं, एकेक करत सगळं बाद झालं. उरलं ते खाद्य. कत्तलखान्यातलं उरलंसुरलं, म्हणजे आतडी, हाडं, डोकी, मेलेली जनावरं, हे सगळं शिजवून चरबी वेगळी काढायची आणि उरलेला कोरडा चोथा दळून खुराकात मिसळायचा, ही तिथली जुनी पद्धत. दुभत्या गाईला प्रथिनं हवीत, सोयाबीन आयात करावं लागतं, हा चोथा स्वस्त पडतो. म्हणूनच हा रोग मांसासाठी पाळलेल्या कळपांपेक्षा दुधाच्या कळपांत कितीतरी जास्त दिसला. आजारी गाय कापली, तिचा चोथा झाला, तो पुढच्या वासरांनी खाल्ला, ती मोठी होऊन आजारी पडली. लागण ते लक्षणं यात चार-पाच वर्षं जातात, त्यामुळे रोग दिसेपर्यंत चक्र बरंच फिरून झालं होतं.

यात जंतू नाही. ना विषाणू, ना बॅक्टेरिया. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असलेलं एक प्रथिन चुकीच्या घडीचं होतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावतं. दुधात चमचाभर विरजण पडावं तसं. स्टॅनली प्रुझिनर यांनी १९८२ मध्ये याला प्रायॉन हे नाव दिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं. १९९७ मध्ये नोबेल मिळालं. प्रायॉन शिजवून मरत नाही, कारण मुळात जिवंतच नाही. फॉर्मॅलिनमध्ये टिकतो, साध्या ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राला) दाद देत नाही.

आता सरकारी बाजू, आणि माझा खरा राग इथे आहे. जुलै १९८८ मध्ये गुरांना असा चोथा घालायला बंदी आली, हे योग्यच झालं. पण डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात तो चालूच राहिला. गिरण्या त्याच, मिक्सर तेच, गोदामं तीच. एका गाईला आजारी पाडायला रोगी मेंदूचा एक ग्रॅमही पुरेसा असतो. परिणाम असा की बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून जास्त गाईंना बीएसई झाला.

फेब्रुवारी १९८९ मध्ये साउथवुड समितीने सांगितलं की माणसाला धोका फार दूरची शक्यता आहे. तर्क असा: मेंढ्यांमध्ये स्क्रेपी नावाचा असाच रोग अडीचशे वर्षं आहे, लोक मटण खातायत, काही झालं नाही. तर्क अगदीच वेडगळ नव्हता. पण त्याच अहवालात म्हटलं होतं की हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर असतील. मंत्र्यांनी पहिलं वाक्य पाठ केलं, दुसरं विसरले. मे १९९० मध्ये ब्रिस्टॉलमधल्या एका सयामी मांजराला असाच रोग झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे रोगाने जात ओलांडली होती. त्याच महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या चार वर्षांच्या लेकीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला. तिने तो घेतला नाही, मग त्यांनीच चावा घेतला.

१९९२-९३ मध्ये साथ शिगेला पोचली, तेव्हा आठवड्याला जवळजवळ हजार गाई नोंदल्या जात होत्या. आणि २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल संसदेत उभे राहिले: एडिनबराच्या सीजेडी (क्रॉइट्झफेल्ड-याकोब, माणसाच्या मेंदूचा असाच दुर्मीळ रोग) पाहणी केंद्राला दहा तरुण रुग्ण सापडले आहेत, आणि सर्वांत संभाव्य कारण बीएसई आहे.

माणसातल्या या रोगाला व्हेरियंट सीजेडी म्हणतात. सुरुवात उदासीनतेपासून. मुलगा अबोल होतो, कॉलेज सोडतो, पाय दुखतात म्हणतो. घरचे मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. काही महिन्यांनी तोल जातो, हातपाय आपोआप हलतात, माणसं ओळखू येत नाहीत. शेवटी हालचाल नाही, वाचा नाही. सुरुवातीपासून मृत्यूपर्यंत सरासरी १४ महिने. मृत्यूचं मध्यक वय २८. औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. ब्रिटनमध्ये १७८ जण गेले, जगभरात सुमारे २३०. गाईंचा आकडा ब्रिटनमध्येच १ लाख ८० हजारांच्या वर.

प्रश्न असतील तर विचारा.

---

गोठेवाला_शिरोळ

ताई, लेख दोनदा वाचला. गाईला मांस घालायची बुद्धी कुणाला सुचावी? आमच्याकडं सरकी पेंड, मका चुनी, गव्हाचा भुसा, वरून सुग्रास आणि हिरवा-वाळला चारा. पेंडीचे भाव बघता स्वस्त काहीतरी मिळालं तर कोण नको म्हणेल, ते पण खरं. माझी शंका वेगळी आहे. मिनरल मिक्श्चरमध्ये डीसीपी असतं, ते हाडापासून बनतं असं आमचे डॉक्टर म्हणाले होते. मग ते चालतं का?

---

सुमेधा_लीड्स

गोठेवाला, चांगला प्रश्न. डायकॅल्शियम फॉस्फेट खनिज दगडापासूनही बनतं आणि हाडापासूनही. हाडाचं असेल तर ते आम्लात विरघळवून काढतात. त्यात प्रथिन आणि चरबी यांचा अंशही नसेल तर जागतिक पशुआरोग्य संघटना ते सुरक्षित मालात धरते. गोम आहे ती "अंशही नसेल तर" मध्ये. नावाजलेल्या ब्रँडचं, पिशवीवर सगळा तपशील छापलेलं घ्या. सुटं, बिननावाचं हाडाचं पीठ मात्र गुरांना नको.

भारतात दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांस-हाडांची भुकटी घालायला मनाई आहे. आपल्याकडे बीएसईचा एकही रुग्ण नोंदलेला नाही आणि त्या संघटनेच्या यादीत भारत "नगण्य धोका" या गटात आहे. ही सरकी पेंडीची पुण्याई म्हणा.

---

शंकासुर

लेख छान, पण दुसरी बाजू कुणी सांगणार का? १९९६ मध्ये लाखो मरतील अशा बातम्या होत्या. मेले १७८, तेही वीस वर्षांत. त्यासाठी तीस महिन्यांवरची धडधाकट जनावरं सरसकट मारली, ४० लाखांच्या वर. शेतकरी बरबाद, युरोपने ब्रिटिश गोमांस बंद केलं ते १९९९ पर्यंत, फ्रान्सने त्याहून पुढे. इतक्याच पैशात रस्ते अपघात रोखले असते तर जास्त जीव वाचले असते. हे म्हणजे साप सोडून भुई थोपटणं.

---

चरकपुत्र

@शंकासुर, आकडा कमी निघाला हे खरं. पण का निघाला ते बघा. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात १२९ क्रमांकाची एक जागा आहे. तिथे दोन्ही आईवडिलांकडून मेथिओनिन हे अमिनो आम्ल आलं असेल तर तुम्ही एमएम. ब्रिटनमध्ये साधारण ४०% लोक एमएम आहेत, आणि व्हेरियंट सीजेडीचे तपासलेले जवळजवळ सगळे रुग्ण त्याच गटातले निघाले. २०१६ मध्ये पहिल्यांदा एमव्ही (एकाकडून मेथिओनिन, दुसऱ्याकडून व्हॅलिन) गटातला खात्रीचा रुग्ण गेला. कुरू हा पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला असाच रोग. अंत्यविधीत मृतांचं मांस खायची प्रथा होती, ती १९५० च्या दशकाअखेरीस थांबली, आणि त्यानंतर ४०-५० वर्षांनीही तुरळक रुग्ण सापडले. तेव्हा हिशेब बंद झाला असं आज म्हणता येत नाही.

२०१३ मध्ये ब्रिटनमध्ये काढून टाकलेली ३२,४४१ ॲपेंडिक्स तपासली. १६ मध्ये विकृत प्रायॉन सापडलं. म्हणजे दर दोन हजारांत एक.

---

शंकासुर

आणि त्यानंतरच्या पाहणीत १९८० च्या आधी काढलेल्या, तसंच १९९६ नंतर जन्मलेल्यांच्या ॲपेंडिक्समध्येही तेच सापडलं, ते का नाही सांगत? मग ते मॅड काऊचंच कशावरून?

---

चरकपुत्र

सांगणारच होतो. बरोबर आहे, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ काय यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण प्रायॉन साध्या ऑटोक्लेव्हने जात नाही, तेव्हा शस्त्रक्रियेची हत्यारं धुणाऱ्या माणसाला एकमत होईपर्यंत थांबता येत नाही.

---

मिनेसोटाकर

माझा या रोगाशी संबंध जरा विचित्र आहे. नव्वदच्या दशकात दोन-तीन वर्षं मँचेस्टरला शिकायला होतो. घरी कट्टर शाकाहारी, तिकडेही शाकाहारीच राहिलो, वरण-भात आणि बीन्स ऑन टोस्टवर दिवस काढले. पुढे अमेरिकेत आलो. ऑफिसात रक्तदान शिबिर लागलं, फॉर्ममध्ये प्रश्न: १९८० ते १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये तीन महिने किंवा जास्त राहिलात का? हो. मग नाही चालणार. मी सांगून बघितलं की आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. बाई हसल्या, फॉर्म परत दिला. २०२२ मध्ये तो नियम निघाला. ऑस्ट्रेलियातल्या मावसभावाचंही हेच, तिथेही त्याच वर्षी मोकळीक मिळाली. शाकाहाऱ्याला का अडवायचं, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

---

सुमेधा_लीड्स

@मिनेसोटाकर, तुमच्यासारखे मराठी लोक मला बरेच भेटलेत. कारण असं की रोग ताटातूनच येतो असं नाही. रक्तातून लागण झाल्याचं पहिलं प्रकरण ब्रिटनमध्ये २००३ अखेरीस उघड झालं. अशा चार लागणी नोंदल्या गेल्या: तिघांना रोग झाला, चौथी व्यक्ती दुसऱ्याच कारणाने गेली आणि प्रायॉन शवविच्छेदनात सापडलं. तुम्ही काहीही खाल्लं नसेल, पण तिथे अपघात होऊन रक्त चढवलं गेलं असतं तर? रक्तपेढीला तुमचं ताट तपासता येत नाही, राहण्याचा पत्ता तपासता येतो. शिवाय तेव्हाच्या ब्रिटनमध्ये बिस्किटांत, चिप्सच्या तळणीत गुरांची चरबी सर्रास असायची. "शाकाहारी" ही पाटी आज जितकी कडक आहे तितकी तेव्हा नव्हती.

ब्रिटनची स्वतःची पंचाईत बघा. सगळा देशच तिथे राहिलेला, रक्त आणणार कुठून? म्हणून १९९९ पर्यंत सगळ्या रक्तातून पांढऱ्या पेशी गाळायला सुरुवात झाली, प्लाझ्मा परदेशातून आणला, आणि २००४ पासून १९८० नंतर ज्यांना रक्त चढवलं गेलं त्यांना रक्तदान बंद केलं.

---

जान्हवी_ठाणे

बाकी सगळं समजलं, पण घाबरायला झालंय. लंडनहून नणंद चीज आणि चॉकलेटं आणते. मुलांना देऊ का? आणि कॅप्सूलचं काय ठरलं?

---

चरकपुत्र

द्या. दुधातून बीएसई पसरतो असा पुरावा नाही. रोगी गाईंच्या दुधावर प्रयोग झाले, त्यात संसर्ग दिसला नाही. चीज, लोणी, चॉकलेट, सगळं आलं त्यात. प्रायॉन मुख्यतः मेंदू, मज्जारज्जू, डोळे, आतड्याचा काही भाग यात असतो. निव्वळ स्नायूचं मांस हे तुलनेने कमी जोखमीचं. घोळ झाला तो स्वस्त बर्गर-सॉसेजमध्ये: पाठीच्या कण्यावर चिकटलेलं मांस यंत्राने ओरबाडून काढायचे, त्यात मज्जारज्जू यायचा. ही पद्धत डिसेंबर १९९५ मध्ये बंद झाली.

जिलेटिन: चामड्याचं असेल तर धोका धरत नाहीत. हाडाचं असेल तर आम्ल, चुना आणि उच्च तापमान अशा प्रक्रियांतून जातं, आणि कवटी व मणके वगळायचे हा दंडक आहे. कॅप्सूल खायची की नाही हा तुमच्या धर्माचा किंवा आवडीचा प्रश्न असू शकतो, मॅड काऊचा नाही.

आणि एक कळकळीची विनंती. पुण्यात मी अधूनमधून सीजेडीचे रुग्ण बघतो. तो साधा, आपोआप होणारा सीजेडी असतो, जगभरात दर दहा लाखांमागे वर्षाला एक-दोन. साठी ओलांडलेला माणूस, दोन-तीन महिन्यांत झपाट्याने विस्मरण, अंगाला झटके. त्याचा गाईशी काही संबंध नाही. पण नातेवाईक गुगल करतात, "मॅड काऊ" वाचतात आणि शेजारपाजारचे त्या घरी चहा प्यायचे बंद होतात. अशा रुग्णाला शिवल्याने, जवळ बसल्याने, त्याची भांडी वापरल्याने काहीही होत नाही.

---

लेस्टरचा_बंड्या

माझ्या गावाजवळची गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहितो. लेस्टरशायरमधलं क्वीनिबरो, छोटंसं खेडं. तिथे आणि आसपास पाच जणांना व्हेरियंट सीजेडी झाला. इतक्या लहान भागात पाच म्हणजे योगायोग नाही. आरोग्य खात्याच्या माणसांनी १९८० च्या दशकात कोण कुठून मांस घ्यायचं ते घरोघर विचारलं. २००१ मध्ये निष्कर्ष आला: परिसरातले काही खाटीक जनावराचं डोकं स्वतः फोडायचे, मेंदू काढायचे, आणि त्याच सुऱ्यांनी, त्याच ओट्यावर बाकीचं मांस कापायचे. मेंदू खाणाऱ्यांनाच रोग झाला असं नाही. ज्यांनी साधा रविवारचा रोस्ट नेला, त्यांनाही. त्यातला एकही खाटीक तेव्हाचा कायदा मोडत नव्हता, हे विशेष.

---

उत्खनक

या रोगाचं खापर भारतावर फोडायचा प्रयत्न झाला होता हे किती जणांना माहीत आहे? सप्टेंबर २००५ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात ॲलन आणि नॅन्सी कोलचेस्टर यांनी मांडलं की साठ-सत्तरच्या दशकात ब्रिटनने भारतीय उपखंडातून लाखो टन हाडं खतासाठी आणि खाद्यासाठी आणली. गंगेत सोडलेल्या प्रेतांची हाडं जनावरांच्या हाडांत मिसळली असतील, त्यातलं कुणी सीजेडीने मेलेलं असेल, ते ब्रिटिश गाईने खाल्लं असेल. असेल, असेल, असेल. चोराच्या उलट्या बोंबा.

---

चरकपुत्र

त्याच अंकात बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतल्या शंकर आणि सतीशचंद्र यांनी उत्तर दिलं होतं, तेही वाचावं. हाडं आली हे खोटं नाही, तो व्यापार होताच, आणि त्यात माणसांची हाडं सापडल्याच्या तक्रारीही होत्या. पण सीजेडी मुळात दहा लाखांत एखादा. त्यातून अर्धवट जळलेलं, पाण्यात कुजलेलं प्रेत, मेंदू केव्हाच गेलेला, आणि उरलेली हाडं हजारो टनांत मिसळलेली. इतकं करून ते गाईत रुजायला जातीचा अडसर ओलांडायचा. ब्रिटनमध्ये स्वतःच्या गाई-मेंढ्यांचा चोथा ढिगाने उपलब्ध असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? पहिली गाय कशी आजारी पडली हे आजही पक्कं ठरलेलं नाही. स्क्रेपीतून आला असेल किंवा एखाद्या म्हाताऱ्या गाईत आपोआप उपजला असेल.

---

शंकासुर

आपोआप उपजतो, मग आपल्याकडेही उपजू शकतो की.

---

सुमेधा_लीड्स

हो, उपजू शकतो. त्याला असामान्य बीएसई म्हणतात. म्हाताऱ्या गाईत कुठेही, क्वचित. मे २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये एसेक्सला एक सापडली, तिचं काहीही अन्नसाखळीत गेलं नाही. एक गाय आपोआप आजारी पडली तर ती मरते आणि संपतं. तिला दळून दुसऱ्या हजार गाईंच्या गव्हाणीत घातलं तरच १९८६ होतं. शंकासुरांना ४० लाख जनावरं वाया गेली वाटतात. माझ्या मते १९८८ मध्ये सगळ्याच खाद्यातून हा चोथा काढला असता, तर त्यातली बरीचशी मारायची वेळ आली नसती. तो पूर्णपणे निघाला १९९६ मध्ये, आठ वर्षं उशिरा.

---

गोठेवाला_शिरोळ

आता एक घरचं विचारतो. शेजारच्या गावात परवा एक गाय अशीच करत होती. लाळ गळतीय, हंबरतीय, खांबाला धडका देतीय. लोक म्हणाले घशात काहीतरी अडकलंय, एकानं तोंडात हात घालून बघितलं. तुमचा लेख वाचून घरात सगळे मॅड काऊ मॅड काऊ करायला लागलेत.

---

चरकपुत्र

गोठेवाला, हे आधी वाचा, बाकी धागा राहू दे. भारतात अशी गाय म्हणजे पहिला संशय रेबीजचा. कुत्रं चावलेलं कुणाच्या लक्षातही नसतं. घशात अडकल्यासारखं वाटतं, कारण तिला गिळता येत नाही, आणि हात घालणाऱ्याला तिथेच धोका. त्या माणसाला सांगा: हात साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची, हाताला ओरखडा असो-नसो. ओरखडा असेल तर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागेल, तसं तिथे स्पष्ट सांगायचं. गाईला वेगळं बांधा, जवळ कुणी जाऊ नका, पशुधन अधिकाऱ्यांना कळवा. कुणी तिचं कच्चं दूध प्यायलं असेल तर त्यानेही डॉक्टरांना विचारावं.

---

गोठेवाला_शिरोळ

फोन केला डॉक्टर. हात घालणारा गडी आत्ताच कपडे बदलतोय, मीच गाडीवरनं घेऊन निघालोय. दूध डेअरीला घातलं नव्हतं, पण दोन घरी रतीब आहे, त्यांना पण सांगतो.